चुलीवरच्या वायरी

पावसाळ्यात आमच्या चुलीवर गाडीच्या वायरी वाळत असत. हे वाचून कुणाला हसू येईल, पण ज्यानं मुळशीचे पावसाळे काढलेत त्याला येणार नाही. ज्येष्ठात लागलेला पाऊस दसऱ्यापर्यंत पाठ सोडायचा नाही. मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटीच्या काड्या ओढून ओढून नुसत्या सोलून निघायच्या, आणि साहेबांची ती लांबलचक काळी गाडी सकाळी सुरूच व्हायची नाही.

साहेब म्हणजे एका लहानशा संस्थानातले मोठे अधिकारी. संस्थान गेल्यावर त्यांनी आमच्याकडे तळ्याच्या काठी बंगला बांधला आणि राजानं दिलेली गाडी घेऊन बाईसाहेबांबरोबर कायमचे राहायला आले. ही गोष्ट एकोणीसशे साठच्या थोडी अलीकडची आणि थोडी पलीकडची. गाडी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची, विलायती, आठ सिलिंडरची. आत चकचकीत लाकूड, कातडी गाद्या, मागे बसणाऱ्यांच्या पायाखाली गालिचा. पौडच्या बाजारात ती उभी राहिली की लोक सौदा अर्धा टाकून बघायला यायचे. माझा नवरा त्या गाडीचा ड्रायव्हर. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायची. आता लिहिताना ‘तो’ लिहिते आहे. एवढी सूट मी घेतली, आणि का घेतली ते पुढं कळेल.

त्या इंजिनात ठिणगी वाटून देणारा एक काळा डबा असतो, त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. त्याच्या टोपीतून आठ वायरी आठ प्लगांना जातात आणि मधे एक जाड वायर येते ती ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडून. सगळ्या रबरात गुंडाळलेल्या. हवेत ओल असली की ठिणगी प्लगापर्यंत जायची सोडून वाटेतच कुठंतरी झिरपते, मग गाडी मिसिंग मारते, नाहीतर मुळीच पेट घेत नाही. मी पौडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, पण हे काही शाळेत शिकले नाही. हे चुलीपुढं शिकले.

कारण नवऱ्यानं एक युक्ती काढली होती. संध्याकाळी गाडी गॅरेजात लावली की तो टोपी आणि वायरी काढायचा, फडक्यात बांधून माझ्या हातात द्यायचा. आमच्या चुलीवर एक कळकाची काठी आडवी बांधलेली होती, पोरीचे कपडे वाळवायला. त्या काठीवर मी वायरी टांगायची. सकाळी त्या गरम गरम वायरी नेऊन तो जागच्या जागी लावायचा आणि एका झटक्यात गाडी सुरू करायचा. साहेब पडवीतून म्हणायचे, “वा! या पावसात पुण्यातल्या नव्या गाड्या बंद पडतात, आणि ही बघा.” नवरा मान खाली घालून हसायचा. मागून मला सांगायचा, “माझ्या हातात गाडी कदी बंद पडली न्हाई. पडायची पन न्हाई.” मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. माझ्या चुलीवर एका राजाची गाडी पोसली जात होती, असंही वाटायचं.

चार पावसाळे असे गेले. पाचव्या वर्षी भर दुपारी, पाऊस जरा उघडला असताना, त्यानं मला गॅरेजात बोलावलं. दारं लावून घेतली. फटींवर गोणपाटं टांगली. आत मिट्ट काळोख झाला. मला म्हणाला, “तू शीटवर बस. मी म्हनलो की सेल्फचं बटन दाब.” मी दाबलं. इंजिन थरथरत सुरू झालं आणि त्यानं बॉनेट उघडलं. मला काचेतून काही दिसेना म्हणून मी उतरून पुढं गेले. वायरींवरून निळे निळे धागे धावत होते. या वायरीवरून त्या वायरीवर, तिथून लोखंडावर, टिक टिक टिक असा बारीक आवाज करत. दिसायला इतकं सुंदर की मी बोट पुढं केलं. त्यानं माझा हात झटकला आणि गाडी बंद केली.

“ह्ये काय?” मी विचारलं.

“करंट गळतोय. रबराला चिरा पडल्यात.” मग बॉनेट लावता लावता म्हणाला, “कुनाला बोलू नगं.”

त्याच आठवड्यात त्यानं पुण्याहून एका मिस्त्रीला बोलावून घेतलं. साहेब-बाईसाहेब मुंबईला गेलेले होते, तेही साधूनच. मिस्त्री म्हातारा, तोंडात कायम विडा. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो एक वायर हातात धरून वाकवत होता. रबर कडकन फुटलं आणि आतली तार दिसली.

“या भाजल्यात कुणी?” त्यानं विचारलं.

नवरा फडक्यानं हात पुसत राहिला. मी ट्रे धरून तशीच उभी.

“अहो ड्रायव्हर, रबर आहे हे, पापड नव्हे. रोज शेकलंत तर कडक होणारच. आणि तो कार्बोरेटर बघा, खालून पाझरतोय. वरून ठिणग्या, खाली पेट्रोल. साहेबांना सांगा आणि मुंबईहून अख्खा संच मागवा. तोवर ही गाडी चालवू नका.” त्याच्याजवळ एक जाड वायर होती, तेवढी मधली त्यानं बदलून दिली. जुनी काढलेली त्यानं बाहेर भिरकावली. ती मी उचलली. चांगली लांब होती आणि आमच्या शिंक्याची दोरी कुजली होती, म्हणून तिनं मी शिंकं बांधलं.

मिस्त्री गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “सायबांना सांगा.”

“सांगतो.”

“कदी?”

“दिवाळी झाली की सांगतो. आता सांगितलं तर इचारतील, वायरी कशानं गेल्या. काय सांगू? चुलीवर भाजल्या?” मग माझ्याकडं असं बघितलं की जणू चूल माझी म्हणून वायरीही मीच भाजल्या होत्या. साहेबांनी कधी त्याला कशाला नाही म्हटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. टायर म्हटले की टायर यायचे, बॅटरी म्हटली की बॅटरी यायची. आड येत होतं ते फक्त याचं नाक. मीही गप्प बसले. बायकोनं गप्प बसायचं असतं हे मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात. शेतकरी कोयता-कुदळ पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. बंगल्यावर एक रिवाज पडून गेला होता की गाडीला ओवाळायचं ते ड्रायव्हरच्या बायकोनं. मग साहेब-बाईसाहेब बाहेर यायचे आणि गाडीत बसून देवाला जायचे. इथं एक सांगायला हवं. माझा हात चांगला, असं सगळे म्हणायचे. कुणाच्या लग्नात नवरीला पहिली हळद लावायची, कुणाच्या नव्या बैलजोडीला ओवाळायचं, तर मला बोलावणं यायचं. नांदेगावात माझं माहेर, तिथूनही यायचं. मला दुसरं कसलं भूषण नव्हतं. रूप बेताचं, माहेर बेताचं. पण तबक घेऊन मी उभी राहिले की बायका बाजूला होऊन मला वाट द्यायच्या, आणि ते मला फार आवडायचं.

त्या सकाळी नवऱ्यानं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, इंजिनालाही कुंकू लावायचं म्हणून बॉनेट उघडून ठेवलं. मी तबक घेऊन निघाले तसा तो पुढं आला आणि हळूच म्हणाला, “निरांजन हिकडं आनू नगंस. कार्बोरेटर ओला हाय.”

मला ते शब्द अजून जसेच्या तसे आठवतात. मी तबकातलं निरांजन उचललं आणि अंगणाच्या त्या टोकाला, तुळशीपुढं नेऊन ठेवलं. गाडीपासून वीस पावलं तरी असेल. मग हळद, कुंकू, अक्षता, सुपारी एवढंच घेऊन परत आले आणि नुसत्या तबकानं ओवाळलं. बिनदिव्याचं ओवाळणं कसंतरीच वाटलं, पण म्हटलं, जिवापेक्षा काय मोठं. आमच्याशिवाय अंगणात कुणी नव्हतं. माळी आणि माळीण मागे विहिरीवर होते. साहेब आत कपडे करत होते.

नवऱ्यानं बॉनेट लावलं, आत बसला आणि सेल्फ मारला. पहिल्यांदा इंजिन नुसतं घरघरलं. त्यानं पुन्हा मारला. तेवढ्यात बॉनेटखाली धप्प असा आवाज झाला, फार मोठा नाही, धान्याचं पोतं खाली टाकावं तसा. आणि दोन्ही बाजूंच्या जाळीतून ज्वाळा बाहेर आल्या.

तो उतरला पण लगेच बॉनेट उघडायला धावला, वेडा. उघडल्याबरोबर जाळ त्याच्या बाहीला लागला. मी तबक टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याची बाही धरून चोळली, विझवली. माझा उजवा तळवा भाजून निघाला, पण त्या वेळी कळलंसुद्धा नाही. माळी बादली घेऊन आला आणि त्यानं पाणी मारलं, तर आग पेट्रोलाबरोबर खाली पसरली आणि चाकं पेटली. मग कुणी जवळ गेलं नाही. आम्ही सगळे लांब उभे राहून राजाची गाडी जळताना बघत राहिलो. झेंडूचा हार आधी गेला. कातड्याचा वास येत होता.

साहेब पडवीत आले होते. धोतर नेसून, टोपी हातात. मग नवऱ्याला म्हणाले, “कसं झालं हे?”

मी नवऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा सांगणार. मला त्याची कीव आली होती. कसं सांगेल, नोकरी जाईल का, पोरीला घेऊन आम्ही कुठं जाऊ, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मी मनाची तयारीसुद्धा केली होती, की जाऊ दे, नांदेगावी जाऊ, माझा भाऊ चार दिवस ठेवून घेईल.

तो म्हणाला, “सायेब, आमच्या मंडळीनं निरांजन लई जवळ नेलं. मी म्हनत हुतो, नगं नेऊ.”

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरं वाटलं नसावं, निदान मला तसं वाटलं. तेव्हा नवऱ्यानं माझा उजवा हात मनगटाला धरून वर केला आणि तळवा त्यांना दाखवला. “बघा की. हिचाच हात भाजलाय.”

त्याचीच बाही विझवताना भाजलेला हात. मी हे अनेक वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं बोलायला काय झालं होतं? तुळशीपुढं माझं निरांजन तेवत होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, की आता तरी मागं घेईल, आता तरी घेईल. आणि त्यानं मागं घेतलं नाही, आणि साहेब म्हणाले, “जाऊ दे. बाईमाणूस, तिला काय कळतं त्यातलं. जीव वाचले हे खूप झालं.” त्यांनी एवढा मोठेपणा दाखवल्यावर नवरा त्यांच्या पाया पडला. मला म्हणाला, “पड की पाया.” मीही पडले. आग विझल्यावर मी तुळशीजवळ गेले तर वात अजून जळत होती, तूप संपत आलेलं. मी ती बोटानं विझवली.

नोकरी राहिली. पुढच्या वर्षी साहेबांनी दुसरी गाडी घेतली, लहान, पण कोरी. बाईसाहेबांनी मला हाक मारून गोड शब्दांत सांगितलं, “तू आता गाडीपासून जरा लांबच राहत जा हं. ओवाळायचं माळीण बघेल.” माळणीनं माझ्यापुढून तबक नेलं. तिचाही दोष नाही, सांगितलं ते तिनं केलं.

त्यानंतर बोलावणी थांबली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त माझ्या भावाच्या मुलीच्या हळदीला मी सवयीनं पुढं झाले, तर भावजयीनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, “वन्सं, तुमी बसा. दमला असाल.” मी पौडपर्यंत बैलगाडीतनं आणि पुढं नांदेगावला चालत गेले होते, दमले होते हे खरं. पण बायका माझ्या उजव्या तळव्याकडं बघत होत्या. मी पदरानं तो झाकून घेतला आणि खांबाला टेकून बसले. जेवणाला उठवलं तेव्हाच उठले.

इकडं नवरा येईल त्याला ती गोष्ट सांगायचा. सुरुवातीला निरांजन गाडीच्या जवळ होतं. दोन वर्षांनी ते इंजिनावर आलं. मग माझा पदर पेटल्याचंही त्यात आलं, आणि पदर यानंच विझवला. सांगताना तो असा रंगायचा, मधे असा हळहळायचा, की ऐकणाऱ्याचा सोडा, माझाच विश्वास डळमळायचा. कधी कधी मी कामात असताना मनाशी तपासून बघायची, निरांजन खरंच तुळशीपुढं ठेवलं होतं ना मी? मग मला वाटायला लागलं की याला आता तेच खरं वाटतंय. भीतीनं एकदा खोटं बोलला, मग तेच घोकत घोकत खरं होऊन बसलं. या विचारानं मला जरा बरं वाटायचं. भुललेल्या माणसावर किती रागवणार? अर्धीमुर्धी माफीही मी त्याला मनातल्या मनात देऊन टाकली होती. सात वर्षं मी त्या माफीवर संसार केला.

सातव्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी घर सारवायला काढलं. शिंकं उतरवलं. त्याला बांधलेली वायर सोडून बाजूला ठेवली, तिच्यावर धुराचं पुट चढलेलं. नवरा तेवढ्यात बाहेरून आला, उंबऱ्यात बसला आणि सहज ती उचलली. ड्रायव्हरचा हात, गप्प बसवेना. दोन बोटांत धरून वाकवली, तसं रबर फुटलं. नखानं चीर रुंद करून आत बघितलं.

“ही कुटली?” तो म्हणाला. “पार भाजलीया. असली वायर गाडीत ठिवली तर एक दिवस गाडी जाळूनच टाकंल.”

मी शेणाचा हात तसाच धरून म्हटलं, “जाळलीच की.”

त्यानं वर बघितलं.

“मिस्त्रीनं काडून फेकली हुती ती. मदली.”

मी वाट बघत होते. काय करेल? म्हणेल, मिस्त्री कोण, कुठला, असलं काही झालंच नव्हतं. म्हणेल, तुला भास होतोय. मला तेही चाललं असतं, कारण माझा अंदाज तोच होता. किंवा देवानं बुद्धी दिली तर म्हणेल, चुकलं माझं. यातलं काहीही म्हणाला असता तरी मी सारवण पुरं केलं असतं आणि रात्री त्याला भाकरी वाढली असती.

त्यानं दाराबाहेर एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ही आनिक कुनाला दावली न्हाईस ना?”

म्हणजे सगळं लख्ख आठवत होतं. सात वर्षं. माझा पदर पेटल्याचं सांगताना, हळहळताना, भावजयीनं वाटी काढून घेतल्याचं मी रडत रडत सांगितलं तेव्हा “सोड गं, लोक बोलत्यात” म्हणताना, प्रत्येक वेळी त्याला आठवत होतं. आग लागली त्या दिवशी मी फसले नव्हते. तेव्हा तो घाबरला होता एवढंच. मी फसले ती नंतरची सात वर्षं, आणि ते मला त्या उंबऱ्यात कळलं.

“न्हाई,” मी म्हटलं. वायर त्याच्या हातातून घेतली आणि पुन्हा शिंक्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन नवं लुगडं नेसले. तबक घेतलं, हळद, कुंकू, अक्षता, सुपारी घेतली आणि निरांजनात भरपूर तूप घालून वात लावली. माळीण गाडीपुढं उभी होती. या खेपेला साहेब, बाईसाहेब, सगळे अंगणात होते. मी सरळ चालत गेले. बाईसाहेब म्हणाल्या, “अगं, अगं, तू नको.”

मी नवऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

“ओवाळू द्या बाईसायेब,” तो घाईनं म्हणाला. “वरसाचा सन हाय. ओवाळू द्या तिला.” त्याच्या कपाळावर घाम आला होता. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मी कुणाच्या बोलण्यासाठी आलेच नव्हते. मी माळणीला हातानं बाजूला केलं, बॉनेट स्वतः उघडलं, आणि निरांजन इंजिनाच्या अगदी वर धरून, सगळ्यांना दिसेल असं, तीनदा सावकाश ओवाळलं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले होते.

गाडीला काही झालं नाही. तिच्या वायरी धड होत्या.